आज गाडी काढू नये, हे कोणी ठरवावे?

नाशिक जिल्ह्यात निफाडच्या थंडीला एक वेगळा मान आहे. डिसेंबर लागला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पाऱ्याचा आकडा वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतो आणि पारा ५ अंशांच्या खाली उतरला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारपूस करतात. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचे पाणी सोडतात. कारण तयार होत आलेल्या घडाला असा गारठा सोसत नाही, मणी तडकतात. द्राक्षाची एवढी काळजी करणारा हा आमचा तालुका, त्याच पहाटे मोटारसायकलवर बसून बाजाराला निघणाऱ्या माणसाची काळजी मात्र त्याच्या कानटोपीवर सोपवून मोकळा होतो. थंडी किती झाली म्हणजे मोटारसायकल काढू नये, हा प्रश्न वरवर पाहता फार किरकोळ वाटतो. गेल्या वर्षी तो आमच्या घरात उभा राहिला, तेव्हा त्याची मुळे किती खोल आहेत हे ध्यानात आले.

आमच्या थोरल्या बंधूंचा कांद्याचा आणि भुसार मालाचा व्यापार आहे. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा रोज पहाटे निफाडहून लासलगावला जातो. अंतर सुमारे वीस किलोमीटर. बाजार समितीत आवक किती, भावाचा कल काय, कोणाच्या खळ्यावर कोणता माल पडला आहे, हे लिलावापूर्वी पाहिलेले बरे, हा बंधूंचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. डिसेंबरमध्ये एका सकाळी दाट धुके पडले आणि पुतण्या म्हणाला, आज उशिरा जातो. बंधू म्हणाले, थंडीला भिऊन बाजार होत असतो का? आम्ही तर सायकलवरून जात होतो. मुलगा काही न बोलता किल्ली घेऊन निघून गेला. तो सुखरूप परत आला; परंतु घरात दोन दिवस अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून सांगितले, ‘‘भाऊजी, तुम्ही बँकेत इतकी वर्षे नियम केले आणि पाळले. याचाही एक नियम करून द्या. दोघेही तुमचे ऐकतील.’’

मी काही हवामानतज्ज्ञ नव्हे. परंतु ग्रामीण शाखांत काम करताना अनेक हिवाळे मोटारसायकलवर काढले आहेत. १९८४ साली घेतलेली राजदूत, चोक ओढून आठ-दहा किका मारल्याशिवाय ती जागी होत नसे. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची, म्हणजे वारा आत शिरत नाही, ही युक्ती मला एका वयस्क शिपायाने शिकवली. शेतकऱ्यांच्या विहिरी आणि मोटारी तपासायला सकाळी लवकर गेले तरच माणसे घरी भेटत. त्यामुळे विषय परका नव्हता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि थोडे वाचन, थोडा हिशेब करून बसलो.

पहिली गोष्ट अशी, की अंगणातल्या तापमापकाचा आकडा हा अंगणात उभ्या असलेल्या माणसाचा आकडा आहे, गाडीवर बसलेल्याचा नव्हे. आपल्या कातडीलगत हवेचा एक पातळ थर शरीराच्या उष्णतेने कोमट झालेला असतो. वारा तो थर उडवून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी थंड हवा तापवत बसावे लागते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा संशोधकांनी १९४०-४१ च्या सुमारास अंटार्क्टिकावर पाण्याचे नळकांडे उघड्या वाऱ्यात टांगून ते किती वेळात गोठते हे मोजले आणि वाऱ्यामुळे भासणाऱ्या थंडीचे पहिले गणित मांडले. २००१ पासून अमेरिका आणि कॅनडा या देशांत त्याचे सुधारलेले सूत्र वापरले जाते. त्या सूत्रात आमच्या निफाडचे आकडे घालून पाहिले. पारा १० अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ५ अंशांची थंडी भासते. पारा ५ अंशांवर असेल आणि वेग तोच असेल, तर शून्याच्याही खाली दोन अंश. वेग ४० वर आणला तरी उणे एकच्या आसपास. म्हणजे हवा पूर्ण शांत असली तरी मोटारसायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो आणि त्यातून निघून जातो.

या वाऱ्याचा पहिला मार बसतो तो हातांना. शरीराला थंडी वाजू लागली की ते छाती-पोटातील अवयव जपण्यासाठी हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. हा निसर्गाचा शहाणपणा आहे; पण मोटारसायकलचा पुढचा ब्रेक, क्लच आणि हॉर्न हे तिन्ही बोटांच्याच हवाली असतात. थंडीने मेलेली बोटे लिव्हर दाबतात, पण किती दाबला ते कळत नाही आणि दाबायला वेळही लागतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते; बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला, तर आठ मीटर गेले. समोर ट्रॉलीचे मागचे फळकूट असेल, तर आठ मीटर हे फार मोठे अंतर आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. ही आपल्या घरांपुरती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चौविहार पाळणारा माणूस सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि नवकारशी असेल तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटे पाणीही घेत नाही. जानेवारीत पहाटे सहाला जो निघतो, त्याच्या पोटात बारा तास काही गेलेले नसते. शरीराची भट्टी रिकामी, बाहेर ५ अंश आणि अंगावर गाडीचा वारा. यावर कोणी म्हणेल, मग नवकारशी सोडावी का? मला तर उलटेच दिसते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडत राहते आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान हे मध्यरात्रीचे नसून सूर्योदयाच्या सुमारास, बहुधा त्यानंतर थोड्या वेळाने येते. सूर्य दिसला म्हणजे थंडी सरली, हा समज खोटा आहे. आमच्याकडे जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. नवकारशी येते आठला. ती पाळून, गरम दूध-नाश्ता करून जो निघेल तो साडेआठला निघेल आणि दिवसाची सर्वांत वाईट वेळ तोवर टळून गेलेली असेल. घरातला जुना नियम आणि हवेचे शास्त्र या ठिकाणी एकच वेळ सांगतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट धुक्याची. थंडीला स्वेटर आहे, हातमोजे आहेत. धुक्याला काही नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या काठाला, नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाकडच्या गावांत, कालव्यांच्या आणि ओलिताच्या रानांच्या लगत धुके जमिनीला धरून बसते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्या पाणथळीचा गौरव झाला आणि थंडीत तिथे दूरदेशचे पक्षी पाहायला माणसे येतात; परंतु त्याच पाण्यावरचे धुके सकाळी रस्त्यावर उतरते, हेही खरे. हवामान खात्याच्या परिभाषेत एक किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागले की धुके म्हणतात आणि २०० मीटरपेक्षा कमी दिसले की ते दाट धुके होय. ५० मीटरच्या आत ते अतिदाट.

या आकड्यांना गाडी थांबण्याच्या अंतराशी ताडून पाहावे. ताशी ६० च्या वेगात धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत १७ मीटर जातात. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणखी ३५. म्हणजे एकूण ५० हून अधिक. ४० च्या वेगात हेच अंतर २६-२७ मीटरवर येते. समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल, तर दोघांना मिळून शंभर मीटर लागतात. रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या असतात, कांद्याचे ट्रॅक्टर असतात, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, परावर्तकाची पट्टीही नसते. शेतातून निघालेल्या चाकांची माती डांबरावर पडते आणि दवाने तिचा चिखल होतो. धुक्यात हेडलाइट अपर ठेवला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपर ठेवला तर थोडे पुढचे दिसते. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते, ती काच उघडावी तर डोळ्यांत पाणी येते. एवढ्या सगळ्यात माणूस जातो तो केवळ सवयीच्या बळावर आणि सवय ही धुक्यात पाहू शकत नाही.

इथे आमच्या घरातलीच एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. वडिलांच्या काळात दुकानावर एक दिवाणजी होते. प्रामाणिक, अबोल, वडिलांनी सांगितलेले काम त्यांनी कधी टाळले नाही. एका जानेवारीत पहाटे वसुलीसाठी निघाले असता विंचूरच्या अलीकडे धुक्यात उभ्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली. जीव वाचला, डावा पाय मात्र पुढे कायमचा ओढत चालावे लागले. दवाखान्यात वडिलांनी त्यांना कळवळून विचारले, ‘‘इतके धुके होते, तर निघालात कशाला?’’ दिवाणजी म्हणाले, ‘‘शेठजी, आपण नको म्हणाला नव्हता.’’ त्या उत्तरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वडिलांना आयुष्यभर टोचत राहिले. त्यांनी दिवाणजींना अखेरपर्यंत गादीवर बसवून पूर्ण पगार दिला. पण तो पाय काही परत देता आला नाही.

बँकेच्या नोकरीत मला तीन वर्षे हरियाणात कर्नाल येथे काढावी लागली. तिथल्या धुक्यापुढे आमचे धुके म्हणजे चुलीचा धूर. डिसेंबर-जानेवारीत जी. टी. रोडवर काही सकाळी हातभर अंतरावरचे दिसत नाही; शाळांच्या वेळा बदलतात, आगगाड्या तासन् तास उशिरा येतात. धान्य मंडीतील एक वृद्ध आढती आमचे खातेदार होते. त्यांच्या मुनीमजींनी रोज दहाला बँकेत भरणा आणायचा, असा क्रम. धुक्याच्या दिवसांत ते बारा वाजता येऊ लागले. मी सहज विचारले, तेव्हा शेठ म्हणाले, ‘‘डिसेंबर लागला की मीच त्याला सांगून ठेवतो, समोरच्या मंदिराचा कळस दिसल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. तो नोकर आहे, तो मला कसा म्हणणार की आज जात नाही? म्हणून माझे नाही मी आधीच देऊन ठेवतो.’’ दिवाणजींच्या त्या उत्तराचा उलगडा मला घरापासून इतक्या दूर, त्या मंडीत झाला.

वाचकहो, आपल्या व्यापारी घरांत गाडीवर बसणारा एक असतो आणि त्याला पाठवणारा दुसरा. बाजार चुकला तर नुकसान पाठवणाऱ्याचे होते. गाडी घसरली तर हाड मोडते ते जाणाऱ्याचे. दोन्ही जमा-नावे एकाच खात्यात नसल्यामुळे हिशेब चुकतो. मुलगा नाही म्हणाला तर भित्रा ठरतो, नोकर नाही म्हणाला तर कामचुकार. तरुण माणसाला थंडीपेक्षा या दोन शब्दांची भीती अधिक वाटते आणि तो निघतो. तेव्हा थांबण्याचा शब्द उच्चारायचा असेल, तर तो पाठवणाऱ्याने उच्चारला पाहिजे; आणि सकाळी नव्हे, आदल्या दिवशी.

आदल्या दिवशी का, हेही सांगतो. बँकेत प्रत्येक अधिकाऱ्याची कर्ज मंजुरीची मर्यादा आणि तारणावरचे मार्जिन आधीच लिहून ठेवलेले असते. ग्राहक समोर येऊन बसला, त्याची गरज, त्याची ओळख, त्याचा आग्रह पाहिला की कोणाचेही मन हलते. म्हणून आकडा तो येण्यापूर्वी ठरवायचा असतो. सकाळचे धुकेही असेच समोर बसलेले असते. भाव चढल्याची बातमी आलेली असते, पार्टीचा फोन वाजत असतो आणि ‘एवढे काही नाही’ असे सगळ्यांनाच वाटू लागते.

या विचाराने मी एक पानभर नियम लिहिले. ते असे :

पहिला. आमच्या ओट्यावरून पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर पुतण्याने पावलांनी मोजले, ते २०० मीटर भरले. टाकी दिसत नसेल तर मोटारसायकल निघणार नाही. थांबायला पन्नास मीटर लागत असताना दोनशे कशाला, असे बंधूंनी विचारले. मी म्हटले, ते मार्जिन आहे. समोरच्याची आणि मागून येणाऱ्या ट्रकची चूक त्यात भागवायची आहे. शिवाय वाटेत धुके दाटले आणि पुढचे दिसेनासे झाले, तर पहिल्या हॉटेलापाशी किंवा पंपावर थांबायचे. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे नाही.

दुसरा. पारा १० अंशांच्या वर असेल तर पूर्ण कपडे घालून नेहमीप्रमाणे जावे. ५ ते १० च्या दरम्यान असेल तर नवकारशीनंतर, खाऊन, वेग ४० च्या आत. ५ च्या खाली असेल तर सकाळी नऊपर्यंत गाडी नाही. निकड असली तर एस.टी., नाही तर चारचाकी, नाही तर फोन.

तिसरा. जाणाऱ्याला ताप असेल, झोप झाली नसेल किंवा त्याने सर्दीची गोळी घेतली असेल तर जाणे नाही, कारण त्यातल्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. वाटेत हात बधिर वाटले तर थांबून अंगठ्याने करंगळीच्या टोकाला स्पर्श करून पाहावा. तो नीट होत नसेल तर बोटांत ऊब येईपर्यंत पुढे जाऊ नये. अंग कापू लागणे ही थांबण्याची सूचना आहे. कापणे थांबून गुंगी येऊ लागली तर तो मोठा धोका आहे, तेव्हा दवाखाना गाठावा.

चौथा. गाडीची तपासणी आदल्या संध्याकाळी. दोन्ही दिवे, मागची लाल पट्टी आणि टायरची हवा. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधली हवा एक ते दीड पौंडाने उतरते, म्हणून दुपारी भरलेली हवा पहाटे पुरी पडतेच असे नाही. गार रबराची पकडही कमी असते, म्हणून पहिले चार-पाच किलोमीटर हळू. मफलरची टोके जाकिटाच्या आत. लोंबती शाल गाडीवर कधीही नाही.

पाचवा. वरीलपैकी एकही अट मोडत असेल तर उत्तर ‘आज नको’. कारण विचारायचे नाही, नंतर टोमणा मारायचा नाही आणि जाणारा नोकर असेल तर त्याचा रोज कापायचा नाही.

बंधूंनी कागद दोनदा वाचला. पाचव्या कलमावर ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, ‘‘हे बापूजींना दिवाणजींच्या आधी सुचायला हवे होते.’’ त्यांनी त्याखाली सही केली आणि मग मला विचारले, ‘‘हे माझ्यासाठीही का?’’ बंधूंचे वय सत्तर, रक्तदाबाची गोळी चालू आणि तरीही स्कूटरवरून पहाटे स्थानकात जाण्याची हौस. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाचे विकार हिवाळ्यात अधिक बळावतात हे डॉक्टर सांगतातच. मी म्हटले, ‘‘तुमच्यासाठी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे.’’ पुतण्या हळूच म्हणाला, ‘‘काकासा, मग सही माझी पण घ्या. पप्पांना मी थांबवीन.’’ पंधरा दिवसांत प्रथमच दोघे एकमेकांकडे पाहून हसले.

त्या हिवाळ्यात नऊ सकाळी टाकी दिसली नाही किंवा पारा ५ च्या खाली होता. त्यांपैकी सात दिवस फोनवर काम भागले. एक दिवस पुतण्या एस.टी.ने गेला. एके दिवशी मात्र चांगल्या मालाचा एक सौदा हातचा गेला. बंधूंनी रात्री रोजमेळ लिहिताना त्याची रक्कम मला मुद्दाम ऐकवली. मीही ती ऐकून घेतली, कारण नियमाला खर्च असतो हे कबूल केलेच पाहिजे. विम्याचा हप्ता आपण भरतो आणि वर्ष सुखरूप गेले म्हणून तो वाया गेला असे म्हणत नाही. हा हप्ता त्याच जातीचा आहे.

आपल्या गावची टाकी वेगळी असेल, कळस वेगळा असेल, अंतर आणि वेळही वेगळी असेल. चाळीसगावचा, धुळ्याचा, जालन्याचा गारठा आपापल्या परीने निराळा. आकडे तेवढे आपापले मोजून घ्यावेत. परंतु उद्या पहाटे आपल्या घरातून किंवा दुकानातून जो कोणी गाडी काढणार आहे, मुलगा असो, जावई असो, दिवाणजी असो की हमाली करणारा पोऱ्या, त्याला आज रात्री जेवण आटोपल्यावर एवढे जरूर सांगावे, की सकाळी टाकी दिसली नाही तर थांब. बाजाराचे मी पाहून घेईन.